सावरीच्या उशीचा हिशेब

दिवाळीची आवराआवर चालली होती. अभ्रे बदलताना सुनेचं बोट माझ्या जुन्या उशीत गेलं आणि विरलेली खोळ टर्रकन फाटली. बघता बघता खोलीभर पांढरे पुंजके तरंगायला लागले. नात ते पकडायला धावली, मी पंखा बंद करायला धावलो. सून म्हणाली, "बाबा, आता ही टाकून द्या. माझ्या लग्नाच्याही आधीची आहे." खरं होतं. उशी १९८९ सालची. ती मला कुणी दिली आणि कशी दिली, हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे. पण आधी बाजारात काय झालं ते सांगतो.

तशीच दुसरी उशी आणावी म्हणून बाहेर पडलो. पहिल्या दोन दुकानांत 'सावर' म्हणजे काय, हे मलाच समजावून सांगावं लागलं. तिसऱ्या दुकानातला तरुण म्हणाला, "आहे ना काका. एकदम शुद्ध सावर." इतर उशांच्या दुप्पट पैसे मोजून मी ती घेतली. घरी आल्यावर जुनी खोड आडवी आली. बँकेत आयुष्य काढलेला माणूस तारण पाहिल्याशिवाय झोपत नाही. कोपऱ्याची शिवण उसवली, चिमूटभर तंतू काढले, निरांजनाच्या तबकात ठेवून काडी लावली. ते जळले नाहीत, वितळले, आणि तबकात काळा टणक मणी उरला. झाडापासून आलेला तंतू जळून राख होतो. मणी होतो तो पेट्रोलियमपासून बनलेल्या पॉलिस्टरचा.

मी भांडायला गेलो नाही. त्या तरुणानं सावर कधी पाहिली असेल असं वाटत नाही. त्याला ज्या नावानं माल आला त्या नावानं त्यानं तो विकला. मला चुटपुट लागली ती वेगळीच. वस्तू गेली आणि नाव तेवढं मागे राहिलं.

सावर, शेवर, शाल्मली, काटेसावर, नाव काहीही घ्या, हे झाड तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. माघ-फाल्गुनात सगळी पानं झडून गेलेली असतात आणि उघड्या, आडव्या फांद्यांवर लालभडक, मांसल पाकळ्यांची फुलं बसलेली असतात. लहान झाडाच्या खोडावर शंकूसारखे काटे असतात, वय वाढतं तसे ते झिजत जातात. त्या फुलांत मध एवढा असतो की मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, कावळे आणि खारी यांची दिवसभर झुंबड उडते. खाली पडलेली फुलं रानात चितळ आणि भेकरं खातात. चैत्र-वैशाखात बोंडं पिकतात, उकलतात आणि वाऱ्याबरोबर कापूस उडायला लागतो. रुईच्या बीला आपण 'म्हातारी' म्हणतो. आमच्या गावची मुलं सावरीच्या उडत्या पुंजक्यालाही म्हातारीच म्हणत.

निफाडकडच्या आमच्या गावी मळ्याच्या बांधावर दोन सावरी होत्या. बोंडं झाडावरच फुटली तर कापूस वाऱ्याचा, म्हणून ती तडकायच्या बेतात असतानाच लांब बांबूला आकडी बांधून पाडायची. अंगणात पसरून त्यांवर जुनं पातळ घालायचं. दोन-चार उन्हांत बोंडं पातळाखाली आपोआप उकलायची. मग दारं-खिडक्या लावून, तोंडाला पदर बांधून, आजी रांजणात कापूस घालायची आणि ताक घुसळावं तशी रवी फिरवायची. काळ्या बिया खाली बसायच्या, कापूस वर फुलून यायचा. त्या अर्ध्या तासात घरात कुणी शिंकायचं नाही असा हुकूम असे, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना शिंक येई.

उशा अगदी मोजक्या होत. पहिला मान बाळंतिणीचा, मग आजाऱ्याचा, मग घरातल्या म्हाताऱ्यांचा. आम्हां पोरांच्या वाट्याला साध्या कापसाची कडक उशी. खोळ घट्ट विणीच्या मांजरपाटाची आणि शिवण दुहेरी, कारण सावर कुठूनही वाट काढते. उशी धुवायची नाही, ऊन दाखवायचं. उन्हात ठेवली की दबलेली उशी पुन्हा फुगायची. एकदा मी आजीला विचारलं होतं, एवढा कापूस आहे तर याच्या वाती का करत नाहीस? तिनं एक पुंजका माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कर बघू." मी वळत राहिलो, तंतू बोटांतून निसटत राहिले.

ते का निसटतात, हे फार पुढे वाचनात आलं. आपला नेहमीचा कापूस हा बीच्या सालीवर वाढलेला केस. म्हणून तर सरकी काढायला जिनिंग लागतं. सावरीचा कापूस बीवर येत नाही, तो बोंडाच्या आतल्या भिंतीवर वाढतो. बी त्यात नुसतं पहुडलेलं असतं, रवी फिरवली की सुटतं. सावरीचा तंतू आखूड, गुळगुळीत असतो आणि त्यावर मेणाचा पातळ थर असतो. त्याला पीळ नाही, म्हणून सूत कातायला तो नालायक. पण आतून तो नळीसारखा पोकळ. सावरीची बहीण पांढरी सावर, जिला जगाच्या बाजारात कापोक म्हणतात, तिच्या तंतूत आकारमानाच्या सुमारे ८० टक्के नुसती हवाच असते. आपण उशी म्हणून डोक्याखाली घेतो ती खरं तर झाडानं कोंडून ठेवलेली हवा. म्हणून ती हलकी आणि म्हणून ती पाणी धरत नाही.

कापोक हा शब्द मलाय-जावाकडचा. झाड मूळचं अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण भागातलं, पण त्याचा व्यापार भरभराटीला आला तो डचांच्या ताब्यातल्या जावा बेटात. हा कापूस पाण्यात आपल्या वजनाच्या ३० पटींपर्यंत भार तोलू शकतो, म्हणून बोटीवरची जीवरक्षक जाकिटं त्यानं भरली जात. १९४२च्या मार्चमध्ये जपाननं जावा घेतलं आणि दोस्तांचा कापोक बंद झाला. आता नौसैनिकांची जाकिटं भरायची कशानं? अमेरिकेत शाळकरी मुलांना माळरानावर पाठवण्यात आलं. आपल्या रुईच्या कुळातलं मिल्कवीड नावाचं एक रोपटं तिकडे तणासारखं वाढतं. त्याची बोंडं पोत्यांत भरून आणायची. दोन पोती म्हणजे एक जाकीट, एक जाकीट म्हणजे एक जीव, असा साधा हिशेब मुलांना सांगितला होता. गरज पडली तेव्हा जगातल्या बलाढ्य राष्ट्रानंही पोरांच्या हातून रानातली म्हातारी वेचून घेतली होती. पुढे पेट्रोलियमपासून फोम आला, पॉलिस्टर आलं, आणि जावाच्या कापोकाचंही महत्त्व ओसरलं.

आपल्याकडे या झाडाची ओळख फार जुनी. हितोपदेशातला 'मित्रलाभ' सुरू होतो तोच गोदावरीच्या काठावरच्या एका विशाल शाल्मलीपासून. चहूदिशांनी पक्षी येतात आणि रात्री त्यावर मुक्काम करतात. गोदाकाठचा मी, लहानपणी मला वाटे की ती आमच्याच बांधावरची सावर.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला शाल्मलीची दुसरी गोष्ट सांगतात. हिमालयातला एक प्रचंड शाल्मली नारदासमोर बढाई मारतो की वारा माझं काही वाकडं करू शकत नाही. नारदांनी ते वाऱ्याच्या कानावर घालणं ओघानं आलंच. उद्या येतो आणि बघतो, असं वारा बजावतो. रात्री शाल्मलीला आपलं खरं बळ कळतं आणि भीतीनं तो स्वतःच आपल्या फांद्या, पानं, फुलं सगळं गाळून टाकतो. सकाळी वारा येतो आणि हसून म्हणतो, मी जे करणार होतो ते तूच करून ठेवलंस. ही गोष्ट मी अनेकदा वाचली होती. तिचा माझ्याशी काही संबंध आहे, हे फार उशिरा लक्षात आलं.

१९८६ साली माझी बदली नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका तालुक्याच्या गावी झाली. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला १७ वर्षं होऊन गेली होती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे अर्ज गठ्ठ्यांनी येत. म्हशी, शेळ्या, शिलाई यंत्रं, पिठाच्या गिरण्या. मी सत्ताविशीतला अधिकारी होतो. माझ्या सहीला तालुक्यात किंमत होती आणि खरं सांगायचं तर मला ती आवडत होती.

पुढच्या मार्चमध्ये गावातला पिंजारी टेबलासमोर येऊन उभा राहिला. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांना चार हजार रुपये हवे होते, दोन महिन्यांच्या खरेदीसाठी. घाटाकडच्या पाड्यांवरच्या बाया एप्रिल-मेमध्ये आठवड्याच्या बाजारात सावरीचा कापूस पोत्यांनी घेऊन येत. ज्याच्या खिशात त्या दिवशी रोकड असेल त्याला तो मिळे. चाचांची ऐपत दोन-तीन पोत्यांची. उरलेला माल शहरातला व्यापारी पडेल भावानं उचलून नेई. "साहेब," चाचा म्हणाले, "माल दीड-दोन महिन्यांचा आणि धंदा बारा महिन्यांचा. एकदा घरात भरून ठेवला की दिवाळीपर्यंत तुमचे पैसे परत."

मी विचारलं, तारण काय? म्हणाले, माल. माल ठेवणार कुठे? घरातच, पत्र्याच्या खोलीत. विमा? चाचा गप्प. सावरीचा कापूस ठिणगी पडली की भडकतो, हे मलाही माहीत होतं. शिवाय योजनेच्या यादीत सावरीचा कापूस बसत नव्हता. त्यात पिंजण यंत्र बसत होतं. यंत्राला कोटेशन असतं, बिल असतं, त्यावर बँकेच्या नावाची पाटी ठोकता येते. तपासणीला साहेब आले तर बोट दाखवता येतं. सावरीच्या पोत्यावर पाटी कुठे ठोकणार?

चार हजार मागायला आलेल्या माणसाला मी त्याच्या तिप्पट रकमेचं यंत्राचं कर्ज मंजूर केलं. चाचा म्हणाले, "साहेब, सावर यंत्रात जात नाही. ती उडते." मी म्हणालो, "मग साध्या कापसाच्या गाद्या करा. त्याला मागणी आहे." त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि मग सही केली. त्या तिमाहीत माझं उद्दिष्ट पूर्ण झालं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं घडलं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग वीज जायला लागली, आणि मग तालुक्यालाही फोमच्या गाद्यांचं दुकान निघालं. हप्ते चुकले. पहिल्या नोटिशीवर माझी सही होती, दुसऱ्या नोटिशीवरही. बाजारात सावरीची पोती कमी कमी होत गेली, कारण भाव पाडून घेणारा एकच गिऱ्हाईक उरला होता. एकदा वसुलीच्या फेरीत एका बांधावर तीन मोठ्या सावरी आडव्या पडलेल्या दिसल्या. शेतकऱ्याला विचारलं तर म्हणाला, "बोंडं आता कोण घेतं साहेब? सावली पिकावर पडते. काडेपेटीवाल्यांचा माणूस आला, देऊन टाकली." सावरीचं लाकूड मऊ, काड्यांना आणि खोक्यांना चालतं.

त्या शेतकऱ्याच्या वाक्यात जेवढं अर्थशास्त्र होतं तेवढं माझ्या प्रशिक्षणात नव्हतं. बोंडं विकली जात होती तोवर झाड उभं होतं. त्याला पाणी नको, खत नको, फवारणी नको. वर्षातून एकदा ते पाड्यावरच्या बाईच्या हातात रोख पैसे ठेवत होतं आणि पाखरांना मध पाजत होतं तो वेगळाच. पण त्याची नोंद कुठल्याच खातेवहीत नव्हती. ते तोडून विकलं त्या दिवशी पहिल्यांदा ते हिशेबात आलं.

माझ्या एका नकारानं सह्याद्रीतली सावर संपली, असा आव मी आणत नाही. फोम येणारच होता. पण तो येण्याआधीच आम्ही शहाण्या माणसांनी फांद्या गाळायला सुरुवात केली होती. फोमशी सावरीनं टक्कर द्यावी अशी वेळच आम्ही येऊ दिली नाही. शांतिपर्वातली गोष्ट मला आठवते ती यासाठी.

१९८९ साली माझी बदली झाली. सामान टेंपोत चढत असताना चाचा आले. काखेत उशी. "साहेब, नव्या गावी झोप लागत नाही म्हणतात," एवढंच म्हणाले. पैसे घेतले नाहीत. कर्ज तेव्हाही थकलेलं होतं. त्यांनी मला माफ केलं होतं की काही सुचवायचं होतं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. ती उशी मी पुढच्या प्रत्येक बदलीत बरोबर नेली.

आता कुणी म्हणेल, निवृत्त माणसाला जुनं तेवढं सोनं वाटतं. तसं नाही. सावरीच्या उशीचे दोष मला पाठ आहेत. काही वर्षांनी तिच्यात गठ्ठे बसतात. विस्तवाशी तिचा छत्तीसचा आकडा. भरताना उडणारी धूळ दमेकऱ्याला सोसत नाही. माझ्या पाठीसाठी डॉक्टरांनी सांगितलेली गादी फोमची आहे आणि मी तिच्यावर निमूटपणे झोपतो. साऱ्या महाराष्ट्राला पुरेल एवढी सावर रानात नाही, आणि उद्या फॅशन म्हणून सगळेच मागायला लागले तर कोवळी बोंडंसुद्धा झाडावर राहायची नाहीत.

पण जे आहे ते राखायला काय हरकत आहे? तामिळनाडूत बोडिनायकनूरकडे आजही या जातीच्या कापसाच्या गाद्या-उशा भरण्याचा धंदा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरानं सावरीचं फूल आपलं नगरपुष्प मानलं आहे. ग्वाटेमालानं पांढऱ्या सावरीला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला आहे. आपण काय करतो? काही ठिकाणी होळीला उभी सावर तोडून आणतो. रस्ता रुंद करायचा झाला की कंत्राटदाराच्या यादीत तिला 'इतर' या सदरात टाकतो. आपल्या राज्यात शहरी झाडांसाठी १९७५ सालापासून कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष मानलं. झाड तोडण्याची नोटीस खोडावर लागते तेव्हा हरकत घेण्याचा हक्क तुम्हाआम्हाला आहे. नोटीस वाचायला मात्र थांबावं लागतं.

२००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क पाड्यांवरच्या माणसांना दिला. पण हक्क कागदावर असला तरी वैशाखातल्या बाजारात रोकड घेऊन कुणीतरी उभं असावं लागतं. माझ्या जागी आज जे तरुण अधिकारी बसले असतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी दीड महिन्याच्या मालासाठी थोडे पैसे मागायला आला, तर त्याला तिप्पट रकमेचं यंत्र देऊ नका. तो काय मागतो आहे ते आधी ऐका.

आणि घरच्यांना सांगणं असं की उशी विकत घेताना आत काय भरलंय ते विचारा आणि बिलावर लिहून मागा. घरात जुनी सावरीची उशी असेल तर ती टाकू नका. फाटते ती खोळ. आतला कापूस पिंजून, ऊन दाखवून पुन्हा भरता येतो.

माझ्या उशीचं मी तेच केलं. गच्चीवर पातळाखाली तिला दोन दिवस ऊन दिलं. निम्मा कापूस गठ्ठ्यांनी कामातून गेला होता, निम्मा चांगला निघाला. नवी खोळ सुनेनंच शिवली, दुहेरी शिवणीची. आमच्या कॉलनीच्या मागे नाल्याकाठी एक सावर अजून उभी आहे. वैशाखात रोज सकाळी फिरायला जाताना मी आणि नात कापडी पिशवी घेऊन जात होतो. खाली पडलेली, अर्धवट उकललेली बोंडं वेचायची, घरी आणून बिया काढायच्या. तीन आठवडे हा उद्योग चालला. फिरायला येणाऱ्या मंडळींनी आम्हाला वेड्यात काढलं, मग त्यांच्यातल्या दोघांनी बोंडं आणून द्यायला सुरुवात केली.

उशी अजून पुरती भरलेली नाही. उरलेली पुढच्या वर्षी, असं नात म्हणते. झाड तोवर तिथेच असायला हवं, म्हणून रोज जाता-येता मी त्याच्या खोडाकडे बघतो. अजून तरी नोटीस लागलेली नाही.